दोन फुटांची नदी

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून, मुलांचा किल्ला उभा राहू लागतो. भाईंदर पूर्वेला मोकळी माती मिळणं आता नशिबाचं काम. मग कुणाच्या तरी कुंड्यांतली माती, दुरुस्तीच्या कामातून उरलेले विटांचे तुकडे, वॉचमनकडून मागून आणलेलं गोणपाट असा संसार जमतो. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने सगळ्यांत मोठा दगड बरोबर मधोमध रोवला आणि दोन्ही बाजूंना सारखेच बुरूज घेतले. दहावीतला दादा क्लासवरून आला, दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, “मधे ठेवलास म्हणून देऊळ दिसतंय. डोंगर असा नसतो.” त्याने दगड उपसला, डावीकडे सरकवला, जरा कलता केला. बघता बघता विटांच्या त्या ढिगाला सह्याद्रीची कळा आली.

मी हे गॅलरीतून पाहत होते, कारण घरात माझाही तोच घोळ चालू होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी, पाच काळे दगड आणि पेरूची एक वाळकी फांदी. तीन दिवस झाले तरी सगळं ‘आणून ठेवलेलं’ दिसत होतं. त्या मुलाचं बोलणं ऐकून आत गेले आणि माझाही मोठा दगड मधून उचलला.

या कामाला अ‍ॅक्वास्केपिंग म्हणतात. आपल्या ओळखीच्या फिश टँकमध्ये मासे हे मुख्य पात्र आणि बाकीचं नेपथ्य: निळी-गुलाबी खडी, प्लास्टिकची झाडं, झाकण उघडमीट करणारा खजिन्याचा पेटारा. अ‍ॅक्वास्केपमध्ये आधी भूमी घडते. दगड, लाकूड, माती, मग वनस्पती. मासे सगळ्यांत शेवटी, आणि तेही त्या जागेला शोभतील तेवढेच. आमच्या सासूबाई वसईच्या. त्यांना हा सगळा खटाटोप उलटाच वाटला. “मासेच बघायचेत तर उत्तनला जाऊन ये की. वलांडीवर बोंबील सुकत असतील. येताना थोडे घेऊनही ये.”

* * *

दगडांआधी पाण्याची चौकशी करावी, हे मला फार उशिरा सुचलं.

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ सालची, महानगरपालिका २००२ सालची. शहराचं स्वतःचं मोठं धरण नाही. पाणी येतं ते शहाड-टेमघरच्या स्टेम प्राधिकरणाकडून आणि एमआयडीसीकडून. स्टेम ते उल्हास नदीतून उचलतं; एमआयडीसीचं बारवी धरण उल्हासच्याच उपनदीवर आहे. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्याजवळ येते. तिथून तिचा एक फाटा घोडबंदरवरून वसईची खाडी होतो आणि भाईंदरच्या रेल्वेपुलाखालून समुद्राला मिळतो. म्हणजे एकच नदी आमच्या शहरात दोनदा येते: एकदा नळातून गोडी, एकदा खाडीतून खारी. मधल्या पट्ट्यात मिठागरं. हे उमगल्यावर त्या काचेच्या पेटीकडे बघण्याची माझी नजर बदलली. तिच्यात मी उल्हासच भरणार होते.

सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहून आलेलं पाणी बहुधा मृदू असतं, आणि पाणवनस्पतींना ते मानवतं. अडचण क्लोरीनची. तो उडावा म्हणून पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवावं किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढण्याचे थेंब घालावेत. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर सावध राहायला हवं; खाडी आणि मिठागरांच्या शेजारी जमिनीतल्या पाण्यात क्षार चढलेले असतात. पेनाएवढ्या टीडीएस मीटरने मी मोजलं तेव्हा टँकरच्या पाण्याचा आकडा नळाच्या चौपट आला. सूर्या नदीवरच्या प्रादेशिक योजनेत मीरा-भाईंदरसाठी रोज २१८ दशलक्ष लिटरचा वाटा धरला आहे. त्यामुळे टाकीतली नदी कधी बदलली, हे इथे मत्स्यालय ठेवणाऱ्याने अधूनमधून तपासत राहावं.

वजनाचं गणितही आधीच करावं. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत काठोकाठ छप्पन्न लिटर पाणी मावतं. काच, माती, दगड धरून सगळा भार नव्वद किलोच्या घरात जातो. टीव्हीच्या शोकेसची फळी एवढ्याने वाकते, आणि फळी वाकली की काचेचा जोड सुटतो. टाकी भिंतीलगत, भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावी आणि खाली फोमचा पातळ थर अंथरावा. खिडकीचं थेट ऊन टाळावं, नाहीतर पंधरवड्यात काच हिरवी होते.

* * *

घरातल्या काचेत पाण्याचं जग टिकवण्याची कल्पना फार जुनी नाही. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. भांड्यात गोल्डफिशची जोडी आणि व्हॅलिस्नेरिया ही गवतासारखी पाणवनस्पती. पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि भांडं निवळलं. मासा, झाड आणि सफाई करणारा जीव हे त्रिकूट तेव्हापासून कायम आहे. मुंबईकरांच्या मनात मत्स्यालय म्हणजे तारापोरवाला: १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं, चर्नी रोडला उतरून शाळेच्या रांगेतून पाहिलेलं. तिथे आम्ही मासे बघितले. त्यांच्यामागच्या दगडाकडे बघ, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्या दगडाकडे बघायला शिकवलं ते जपानच्या ताकाशी अमानो यांनी. जन्म १९५४, निगाता प्रांतातला. आधी व्यावसायिक सायकलपटू, मग निसर्गाचे छायाचित्रकार. मोठमोठे कॅमेरे घेऊन जंगलं पालथी घातल्यावर त्यांनी तीच दृष्टी काचेच्या टाकीत आणली. १९८२ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली आणि २००१ पासून जगभरच्या हौशी लोकांसाठी स्पर्धा सुरू केली. त्याआधी या क्षेत्रात डच पद्धतीचा दबदबा होता: दगड-लाकूड जवळजवळ नाहीच, रंगीत वनस्पतींचे नीट कापलेले ताटवे, एखाद्या बागेसारखे. अमानोंनी बागेच्या जागी रान आणलं. लिस्बनच्या मत्स्यालयातलं त्यांचं चाळीस मीटर लांबीचं, एक लाख साठ हजार लिटरचं पाण्याखालचं जंगल २०१५ मध्ये खुलं झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

नुसत्या दगडांच्या मांडणीला जपानीत इवागुमी म्हणतात आणि तिच्यात प्रत्येक दगडाला नाव आहे. सर्वांत मोठा ओयाइशी, त्याच्या खालोखाल फुकुइशी, मोठ्याला साथ देणारा सोएइशी, आणि शेवटचा सुतेइशी, म्हणजे ‘टाकून दिलेला’ दगड. हा शेवटचा कालांतराने झाडांखाली झाकला जातो. तरी तो नसेल तर मांडणी पोकळ वाटते. दगड विषम संख्येत घ्यायचे: तीन, पाच, सात. सम संख्येत डोळा जोड्या लावत बसतो. मोठा दगड टाकीच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांश, आणि जागा मधोमध नाही, एका बाजूला. चोवीस इंचांच्या टाकीत डावीकडून किंवा उजवीकडून नऊ इंचांवर. दहावीतल्या त्या मुलाने मोजपट्टी न लावता दगड जवळपास तिथेच नेला होता.

* * *

आता दगड आणायचे कुठून? दुकानात ते किलोवर मिळतात, आणि परदेशी नावाचा दगड असेल तर भाव ऐकून हात मागे येतो. पण आपण राहतो कशावर? दख्खनचा बेसाल्ट, आपला काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो पाण्यात काही सोडत नाही, रंगाने गडद, त्यामुळे हिरवळ त्याच्यावर उठून दिसते. आणि खुद्द आमच्या शहरात, उत्तनजवळच्या डोंगरीला, त्याच लाव्हाच्या शेवटच्या काळातला वेगळ्या जातीचा दगड आहे: ऱ्हायोलाइट, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांचा. भूशास्त्रज्ञ तो मोजायला येतात. आम्ही त्याच्यावरून रिक्षाने गोराईला जातो.

माझे पाच दगड शेजारच्या पाडकामातले. तळमजला अधिक तीन अशी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तिच्या जोत्यातला काळा दगड राडारोड्यात पडला होता. मुकादमाला विचारून पाच उचलले. त्यांना चिकटलेलं सिमेंट छिन्नीने पुरतं काढावं लागलं, कारण सिमेंट पाण्याचा सामू वाढवत राहतं. बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे खडे असतात, त्यांचीही परीक्षा घ्यावी. व्हिनेगरचे चार थेंब टाकले आणि फसफसलं तर ते कॅल्साइट. पाणी हळूहळू कठीण करणारं. शांत राहिलं तर बहुधा झिओलाइट किंवा गारेचा प्रकार. माझ्या पाचातला एक फसफसला. तो आता गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीला टेकू आहे. सहावा शोधायला पुन्हा मुकादमाकडे जावं लागलं.

दगड मांडण्याचे नियम वहीत चार ओळींत बसतात, हाताला यायला मात्र आठवडा लागला. माती पुढच्या काचेशी इंचभर, मागे तीन-चार इंच. या उतारामुळे बारा इंचांची टाकी दीड फूट खोल वाटते. दगड मातीवर ठेवायचा नाही, रोवायचा: तिसरा हिस्सा पोटात जाऊ द्यायचा, म्हणजे तो तिथूनच वर आल्यासारखा दिसतो. दगडांवर रेघा असतील, तर त्या सगळ्यांच्या एकाच दिशेला हव्यात. सगळे दगड एकाच बाजूला किंचित कललेले, जणू पाणी हजारो वर्षं तिकडूनच आलं. मोठ्या दगडाच्या पायाशी त्याचेच फुटलेले तुकडे, मग बारीक खडी, मग रेव. ओढ्यात असंच असतं, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला लहान गोटे साठतात. हे मला समजलं ते पावसाळ्यात चेना नदीच्या काठी तासभर बसल्यावर. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्याने पाहिले असतील त्याला वेगळं सांगायला नको: पाणी दगडाला आकार देतं आणि दगड पाण्याला वाट.

लाकडाची गोष्ट वेगळी. दगड बसतो, लाकूड तरंगतं. फांदी पूर्ण वाळलेली, साल काढलेली हवी. मी मामाच्या वाडीतली पेरूची फांदी आणली. दोन पावसाळे पडून राहिलेली. ती मोठ्या पातेल्यात उकळली, मग पंधरा दिवस पिंपात बुडवून ठेवली. पाणी रोज कोऱ्या चहासारखं होई, ते ओतून पुन्हा नवं. तो रंग लाकडातल्या टॅनिनचा; माशांना अपाय नाही, पण काचेपलीकडचं काही दिसेनासं होतं. तरीही टाकीत गेल्यावर फांदीने मान वर काढलीच, शेवटी तिची मुळाकडची बाजू दगडाखाली दाबली. पहिल्या महिन्यात तिच्यावर पांढरी बुळबुळीत साय धरली. घाबरून ती काढून टाकणार होते. स्टेशनजवळचे दुकानदार म्हणाले, “ताई, हात लावू नका. ती आपोआप जाते, आणि नंतर झिंगे सोडाल ते उरलेली खातील.” तसंच झालं.

* * *

वनस्पतींच्या दुकानात गेले तेव्हा सगळी नावं लॅटिन. घरी येऊन एकेक शोधत बसले तर निम्मी आपल्याकडची निघाली. बाकोपा मोनिएरी म्हणजे आपली ब्राह्मी, ओल्या बांधावर वाढणारी. जगभरच्या टाक्यांत ती मागच्या रांगेत उभी असते. लाल पानांसाठी नावाजलेली रोटाला मॅक्रांड्रा दक्षिण भारतातली. पोगोस्टेमॉन इरेक्टस पश्चिम घाटातली. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती सह्याद्रीतल्या नद्यांच्या कडेला खडकांच्या फटींत वाढतात. माशांचीही तीच कथा. २०१३ मध्ये केरळच्या लाल रेघेच्या डेनिसन बार्बसाठी नवी प्रजाती केली गेली, तिचं नाव ठेवलं सह्याद्रिया. तारापोरवालाशी जोडलेले बी. एफ. छापगर यांनी सहकारी संशोधक साने यांच्याबरोबर १९९२ मध्ये गोव्यातल्या एका चिमुकल्या माशाचं वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याच्या मत्स्यखात्यातल्या डॉ. सेटना यांचं नाव त्याला दिलं.

हे वाचल्यावर पहिली ऊर्मी येते ती पिशवी घेऊन निघण्याची. तिला आवर घालावा. कासच्या सड्यावर पाण्यात उगवणारा वायतुरा पाहून जीव हरखतो. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे आणि तो वायतुरा तिथेच राहायला हवा. चेना ज्या रानातून येते ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान; तिथून गोटासुद्धा उचलायचा नाही. खाडीकाठची वाकडीतिकडी खारफुटीची लाकडं अ‍ॅक्वास्केपसाठीच घडवल्यासारखी दिसतात. पण उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदी घातली, २०१२ पासून राज्याचा कांदळवन कक्ष आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. डेनिसन बार्बची तर शौकिनांनीच दैना केली: नद्यांतून बेसुमार पकडल्याने तो आज संकटग्रस्त यादीत आहे. नर्सरीत वाढवलेली रोपं आणि तळ्यात पैदास केलेले मासे मिळतात, ते विचारून घ्यावेत.

पहिल्या टाकीला सोशिक झाडं बरी: अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन, ब्राह्मी. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसला तरी यांचं अडत नाही. अनुबियासचा कंद हळदीच्या गाठीसारखा आडवा असतो. तो मातीत पुरला की कुजतो, म्हणून दोऱ्याने दगडावर बांधायचा. क्रिप्टोकोरिन लावल्यावर आठ दिवसांत तिची पानं विरघळून गेली आणि मी ती मेली असं धरून चालले. मूळ जिवंत असतं; तीन आठवड्यांनी तिने नवं पान काढलं. दिवा रोज सहा ते आठ तास, त्याहून जास्त लावला की शेवाळाचं राज्य. वासरांसारख्या शिस्तीत चरणारे अमानो झिंगे तेव्हा कामाला येतात. शेवाळ खाणारा हा झिंगा टाक्यांत रूढ केला तोही त्याच छायाचित्रकाराने.

* * *

चूक केली ती इथून पुढे. तिसऱ्या दिवशी पाणी काचेसारखं नितळ दिसलं आणि मी सहा गप्पी सोडले. मलेरियाच्या मोहिमेमुळे ज्यांना सगळे ओळखतात, कशातही जगतात असं आपण समजतो, तेच गप्पी. दुकानदारांनी महिनाभर थांबायला बजावलं होतं. आठव्या दिवशी चार गेले.

कारण साधं आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो विष. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसऱ्या प्रकारचे त्याचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, दगडांवर, मातीत वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे. दुधात विरजण न घालता दही मागण्यासारखं मी केलं होतं. विरजणाचाच उपाय इथेही आहे: कुणाची जुनी चालती टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज आपल्या टाकीत पिळावा, काम लवकर होतं. दुकानदारांनी तो दिला, पैसे घेतले नाहीत.

आपल्याकडे टाकीला हीटर लागत नाही. छळतो तो एप्रिल-मे. पाणी तिशीच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू घटतो. झाकण काढून वरून छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, आणि पाणी तेवढं जास्त उडतं. वीज गेली तर फिल्टर बंद, तेव्हा तांब्याने पाणी वर उचलून ओतत बसावं लागतं. सासूबाईंनी एका रात्री हे काम माझ्याआधी सुरू केलेलं दिसलं. “एवढे दिवस जगवलेत,” एवढंच म्हणाल्या.

आज टाकीला अकरा महिने झाले. मोठा दगड निम्मा मॉसखाली गेला आहे आणि सुतेइशी तर आता मलाही सापडत नाही.

पहिली टाकी लावणार असाल तर दोन गोष्टी सांगते. पाणी भरण्याआधी दगड आठवडाभर कोरडेच हलवत राहा, तेवढा वेळ तुम्हाला पुढे कधी मिळणार नाही. आणि कंटाळा आला, घर बदललं, तर मासे नि झाडं परत दुकानात द्या, दुसऱ्या शौकिनाला द्या, पण नाल्यात, तळ्यात, खाडीत सोडू नका. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेली जलपर्णी आज उल्हासच्या छातीवर बसली आहे, आणि टाक्यांतून सुटलेला सकर मासा उजनीच्या कोळ्यांची जाळी फाडतो आहे. दोघंही एके काळी कुणाच्या तरी हौसेचेच होते.

दर रविवारी मी टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढते. बादलीभर होतं. ते तुळशीला आणि मोगऱ्याला घालते.